अकरा फ्रेम्स

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, माहीत आहे. सहा वर्षांत माझा एकही फोन तू उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. दुकान अजून चालू आहे. जुने संगणक येतात आणि मी आपल्याच पद्धतीने तपासते: मशीन एकच, आधी विंडोज, मग लिनक्स, ग्राफिक्सची तीच चाचणी तीन-तीनदा आणि मधला आकडा वहीत. तू होतास तेव्हा निकालावर पैज लागायची, हरेल त्याने दुकान झाडायचं. तू हरलास की मुद्दाम कोपरे सोडायचास, आळशी कुठला! आता रोज मीच झाडते. कुणाशी पैज लावू?

शाळेची ती चाळीस मशीन्स तू विसरला नसशील. त्यांच्यातलं विंडोज जुनं झालं होतं, नवं त्यांना झेपणार नव्हतं. तू म्हणालास, लिनक्स टाकू, ते फुकट आणि हलकं, अजून चार-पाच वर्षं आरामात चालतील, नाहीतर पोरांना दुसरं काही मिळणार नाही. मी म्हटलं, तोंडाची वाफ कशाला दवडतोस, मोजू या. विंडोजवर सेकंदाला एकेचाळीस फ्रेम्स आल्या, लिनक्सवर अकरा. ते आकडे मी सगळ्या शिक्षकांसमोर, फ्रेम्स कमी म्हणजे पडद्यावरचं चित्र अडखळणार असं समजावत, ठसक्यात वाचले, आणि वर म्हणाले की ह्याला यातलं ओ की ठो कळत नाही, ह्याचं काही मनावर घेऊ नका. सगळे हसले, आणि मशीन्स भंगारात काढायचं ठरलं. तू मान खाली घालून बसलास. महिन्याभरात तू दुकान सोडलंस, हा धंदाच सोडलास. आई जाईपर्यंत विचारत होती, असं काय झालं गं तुमच्यात. मी सांगायचे, त्याचा स्वभावच तापट.

आता ऐक. ते अकरा खोटे होते. लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडत होती, म्हणून मी तेवढ्यापुरतं 'सेफ ग्राफिक्स' निवडलं आणि नंतर ते काढायलाच विसरले. ग्राफिक्स कार्ड आत नुसतं बसून होतं आणि सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढत होता. इतकी वर्षं या धंद्यात घालवून ही माझी अक्कल! ते काढून पुन्हा चाचणी घेतली तर त्रेचाळीस आल्या. तुझंच बरोबर होतं.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. पोरीला संगणक शिकायचा आहे आणि तू म्हणतोस, आपल्या घराण्यात ती बुद्धी नाही, नाद सोड. म्हणून आज लिहायला बसले. धाकट्या, ही चूक मला आज कळलेली नाही. भंगारवाल्याचा टेम्पो शाळेत आला, त्याच्या चार दिवस आधी कळली होती. त्रेचाळीस हा आकडा मी वहीत लिहिला आणि पान फाडून टाकलं, कारण सगळ्यांसमोर बोलून बसले होते. मग दारात उभी राहून मशीन्स चढताना बघत राहिले. एकेक उचलून तूच चढवत होतास. मला माफ करू नकोस, माझी ती लायकी नाही. फक्त पोरीला सांग की तिच्या बाबाचं बरोबर होतं, आणि हे तिच्या आत्याला ठाऊक होतं.

तुझीच, म्हणायचा हक्क उरला असेल तर,
ताई