उलथन्याची तिरकी कड

९ नोव्हेंबर, रविवार

बाईसाहेब,

मी खुशाल आहे. तिकडे लेक-जावई मजेत असतील. नातीचा पहिला दात पडला म्हणे! तू फोनवर येत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला काही 'आई आंघोळीला गेलीय' असं सांगता येत नाही.

घर ठीक आहे. दूध एकदाच उतू गेलं. बरं, तीनदा.

मला एक नवं खूळ लागलंय. चित्रं काढतो. हसू नकोस! कारखान्यात अडतीस वर्षं यंत्राच्या भागांची ड्रॉइंग काढली, पण पट्टीशिवाय कधी रेघ मारली नव्हती. परवा ओट्यावर तुझं उलथनं दिसलं, म्हटलं हेच काढू. झकास जमलं. शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला कौतुकाने दाखवलं, तर म्हणतो कसा, "काका, हे दुकानातलं उलथनं झालं. तुमच्या घरातलं कुठंय?"

बघतो तर खरंच की! उलथन्याचा डावा कोपरा पार झिजून तिरका झालाय, आणि मी तो सरळ करून टाकलेला. कारखान्यात झिजलेला भाग यायचा आणि आम्ही तो मुळात होता तसा काढून द्यायचो, नवा बनवायला. जित्याची खोड, दुसरं काय.

पुन्हा बसलो. चार कागद वाया गेले. ती कड कुठल्या मापातच बसेना. शेवटी उलथनं घेऊन रिकाम्या तव्यावर फिरवलं, तू फिरवतेस तसं, तेव्हा कुठे समजलं. इतकी वर्षं तू एकाच बाजूने तवा खरवडलास आणि लोखंडाने तुझ्या हाताचं वळण घेतलं. इतकं देखणं मी नोकरीत काही काढलं नव्हतं. 'आता सुचलं शहाणपण,' म्हणशील. म्हण.

मग नादच लागला. माझी चप्पल काढली, टाच एका अंगाला गेलेली. मी वाकडा चालतो असं तू म्हणायचीस, मी भांडायचो. मान्य आहे, चालतो. कान तुटलेला कपही काढला.

कपाचं निघालंच आहे तर आता लिहायलाच हवं. तो तुझ्या हातून पडला तेव्हा मी म्हणालो, "मोडकं काही या घरात ठेवायचं नाही." आजारपणानंतर तुझा उजवा हात धड मिटत नाही, हे मला माहीत होतं. मी कपाबद्दल बोललो, असं लेकीला सांगितलं. खोटं सांगितलं. मला तुझ्या हाताचाच राग आला होता. तो पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मी घाबरलो गं. घाबरलोय एवढं सांगायला जीभ वळली नाही, नको ते मात्र बोलून गेली. तू डाव्या हाताने कानाचे तुकडे गोळा केलेस आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस.

चुकलो. माफ कर.

चित्रं सोबत पाठवतोय. एक राहिलंय, तुझ्या उजव्या हाताचं. ते आठवून काढणार नाही. आठवून काढलं, तर मी तो पुन्हा सरळ करून टाकीन. तुला समोर बसावं लागेल.

येशील?

कागद लावून बसलेला,
तुझाच