रोशनचे प्रश्न, माझी लॅब

९ मार्च, सोम.
साहेबांचा चंद्रपूरहून फोन. कंत्राट नवं होतंय, तालुक्यात दोघांऐवजी एकच माणूस ठेवणार. आधी ज्याच्या हातात नेटवर्किंगचं सर्टिफिकेट येईल तो. दोघं म्हणजे मी आणि रोशन. चार वर्षं तहसील, पंचायत, हॉस्पिटल, कुठेही नेट बंद पडलं की आम्हीच पळतो आणि एकाच टेबलावर डबा खातो. आज त्याने माझ्यातली चटणी मागितली नाही. मीही दिली नाही.

११ मार्च, बुध.
अभ्यास कशावर करायचा ते ठरेना. भाड्याची ऑनलाइन लॅब उत्तम, पण दुपारी रेंज गेली की अर्ध्यावर मरते. दुसरा एक सिम्युलेटर माझ्या लॅपटॉपला झेपत नाही, पडदाच गोठतो. उरला फुकटचा. त्याला नेट लागत नाही. चित्रातले राउटर, चित्रातले स्विच, पण कमांड खऱ्यासारख्या. तोच घेतला.
रोशनने सराव परीक्षांचा संच घेतलाय, उत्तरांच्या स्पष्टीकरणासकट. "तू पण घे व. परीक्षेत प्रश्नच येतेत, राउटर घेऊन बसवत नाई कोणी."
म्हटलं, तू पोपट हो. मी हाताने शिकणार.

१७ मार्च, मंगळ.
आठ लॅब झाल्या. मजा येतेय, खोटं कशाला बोलू. लॅपटॉपवर फाइल ठेवली की दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. आई ओरडते, "जेवाले तं उठ व, त्या डब्यात घुसते का आता?"
रोशन पहिल्या सराव परीक्षेत नापास. बरं वाटलं. वाटायला नको होतं.

२६ मार्च, गुरु.
रोशनची आज पूर्ण वेळाची सराव परीक्षा. "आजच्या दिवस माह्यं हॉस्पिटल पाहून घेते का?" हॉस्पिटल त्याच्या वाटणीचं. साहेबांना न सांगता गेले.
ईसीजीचं मशीन नव्या खोलीत नेलंय. इथे हृदयाचे डॉक्टर नाहीत, म्हणून ईसीजी नेटवरून चंद्रपूरला जातो, तिकडून सल्ला येतो. स्विचवर, म्हणजे नेटच्या तारा जुळतात त्या डब्यावर, नव्या खोलीचं कनेक्शन करून द्यायचं होतं. एरवी आम्ही तारा ओढतो आणि कमांड साहेब तिकडून देतात. आज म्हटलं, मीच देते. दिल्या, काही न बघता. सिस्टरने एक ईसीजी पाठवून पाहिला, गेला. "प्रणालीबाई, हात साफ आहे तुमचा." फुलून घरी आले.

२७ मार्च, शुक्र.
सुट्टी टाकून लॅब. दुपारी वादळ झालं, लाइट गेली, मोबाइलचा टॉवरही बसला. लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन लॅब सोडवल्या. कुणाचा फोन नाही, कटकट नाही, म्हणून खूश होते.
संध्याकाळी रेंज आल्यावर कळलं. किसनभाऊ नावाचा माणूस, मोहफुलं वेचून आला आणि छातीत दुखतं म्हणाला. ईसीजी काढला तर पुढे जाईचना. सिस्टरने लँडलाइनवरून रोशनला बोलावलं, तो चिमूरला. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग गाडीत घालून चंद्रपूरला पाठवलं. मूल गावाच्या अलीकडे किसनभाऊ गाडीतच गेले. मी हॉस्पिटलपासून पाच मिनिटांवर होते.
लाइट तोवर आली होती म्हणे. बाकी सगळं नेट चालू. फक्त त्या खोलीचं...

२८ मार्च, शनि.
कालच कळलं होतं, लिहायची हिंमत झाली नाही. खऱ्या स्विचला दिलेली कमांड लाइट असेपर्यंतच टिकते. कायम ठेवायला शेवटी एक वेगळी कमांड द्यावी लागते, नाहीतर स्विच बंद पडून उठला की सगळं विसरलेला. मी ती दिली नाही. माझ्या लॅबमध्ये कधी द्यावीच लागली नाही. तिथे लाइट जात नाही.
डॉक्टर म्हणाले, ईसीजी गेला असता तरी वाचलेच असते असं सांगता येत नाही. वाचले नसते, असंही म्हणाले नाहीत.

३० मार्च, सोम.
रोशन डबा घेऊन समोर बसला. हळू आवाजात, "स्विच पाह्यलो तवाच समजलं मले. माह्या संचात होता हा प्रश्न. दोनदा चुकलो होतो."
मी डब्याचं झाकण लावलं.
"साहेबानं इचारलं, शेवटचा हात कोनाचा. माह्यं हॉस्पिटल, मंग माहाच म्हणलं."
मी विचारलं, काऊन पण?
"दोघंही गेलो तं तालुका कोन पाहीन? अन् चोरून तं मीच पाठवलो तुले. सांगाचं असन तं तू सांग. मी नाई सांगत."
त्याचा रागच आला मला. असं कुणी करतं का? आणि मी तरी तिथेच का बोलले नाही?

१ एप्रिल, बुध.
साहेबांचा फोन. महिनाअखेरीपासून रोशन बंद. "निष्काळजी मुलगा. तू मन लावून परीक्षा दे, जागा तुझीच." हो सर म्हटलं. पुढचं सांगणार होते, पण फोन ठेवला गेला. ठेवला गेला कसला, मीच ठेवला.
लॅब उघडली नाही.

३ एप्रिल, शुक्र.
किसनभाऊंच्या गावात पंचायतीचं नेट बंद. रोशनला पाठवू शकले असते, मीच गेले. घर वाटेवरच. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, कुणी गोळा केली नव्हती. त्यांची बायको ओट्यावर बसलेली. मला ओळखत नाही. "बाई, पाणी पेता का? ऊन लई आहे."
प्यायले.
मी नेटची म्हटल्यावर म्हणाली, "हॉस्पिटलातली मशीन बंद होती म्हणतेत. कोन्या पोराच्यानं बिघडली. त्याचं चांगलं होईन का सांगा."
पाण्याचा गडवा तिच्या हातात दिला आणि निघाले. पोरगा नाही, मी. एवढे तीन शब्द होते.

५ एप्रिल, रवि.
उद्या नागपूरला परीक्षा. दुपारी साहेबांचा नंबर दोनदा काढला. लावला नाही.
आता रोशन येऊन गेला. बाजेवर बसून तासभर त्याच्या संचातले प्रश्न विचारत होता. एकही चुकला नाही माझा. "पास होशीन तू," म्हणाला आणि खरंच खूश दिसला. मला रडू येत होतं, पण आई चहा घेऊन आली.
मी म्हटलं, रोशन, ऐक ना.
"काय?"
काही नाही म्हटलं.
जाताना दारात वळला. "सहाची बस आहे ना? सकाळी गाडीवर स्टँडपर्यंत सोडून देतो तुले. अंधारात एकटी नोको जाऊ, वाघ फिरून राह्यला तिकडं."
मी हो म्हटलं. तो पेट्रोल टाकायला गेला.