मिलवाल्या शेठच्या घरी

स्नेहलचे बाबा,

तुमी झोपून होते म्हणून उठवलं नाही. वरण-भात कालवून झाकून ठेवला आहे, डाव्या हातानं चमच्यानं खाता येईल. स्नेहल शाळेतून आली की तिच्यावर चिडू नका.

साफसफाईचा धंदा सुरू केल्यापासून मले पहिल्यांदाच मोठं घर भेटलं. त्या घरच्या बाईनं फोनवर पत्ता सांगितला तेव्हा समजलं, तुमच्या राईस मिलच्या शेठचं घर आहे. मशीनमध्ये तुमचा हात गेला तेव्हा दवाखान्यात तोंडसुद्धा दाखवलं नाही, तोच शेठ. मले नाही म्हणाचं होतं, पण तोंडातून 'येते' निघून गेलं. आज तिथंच चालली आहे.

शेठाणीनं जर विचारलं, "तुझा नवरा काय करते?" तर काय सांगू, तेच समजून नाही राहिलं.

रविता