पट्ट्याची साडी

प्रिय रोशनी,

तू वडनेरला भावाकडे गेलीस तेव्हापासून फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझ्या अंगणातल्या मेथीला मी पाणी घालते, काळजी करू नकोस. तुझं काहीही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. पुढचं सांगायला धीर गोळा करावा लागतो आहे.

माझ्या साड्या तुला माहीत आहेत. राखाडी, बदामी, मातकट, सगळ्या सुती. कपड्यांत जीव अडकवू नका, असं शाळेत मुलींना मीच सांगते. आणि तरी उन्हाळ्यापासून मी मोबाईलवर त्या शिवलेल्या साड्या बघत होते. निऱ्या आधीच घातलेल्या, कमरेला चकाकता पट्टा. माझ्याहून मोठ्या बायकाही नेसतात, अशी समजूत घालायची आणि मग लाज वाटून मोबाईल पालथा ठेवायचा. या वयात हे चाळे.

शेवटी वर्धेच्या एका दुकानात जांभळी साडी अंगावर चढवली. आरशासमोर उभी होते तेवढ्यात पडदा सरकवून आपल्या सिंदीच्या कौशल्याबाई डोकावल्या. "अवो मॅडम, हे कोनासाठी घेऊन राह्यल्या?" माझ्या तोंडून निघालं, "रोशनीसाठी. तिचा-माझा बांधा सारखाच, म्हणून घालून बघते." तू विधवा आहेस, हे त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते फक्त गावातलं माझं नाव. त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं, 'वर्धेला गेले, कामं झाली.'

पुढचं तू भोगलंस. आदेशभाऊजी गेल्यापासून फिक्या रंगाबाहेर न गेलेली रोशनी पट्ट्याची साडी मागवते, म्हणजे नक्कीच पाट लावून राह्यली, असं सिंदीभर झालं. नळावर बायकांनी तुला विचारलं, "नवरदेव कुठला हाय वो?" तुला टोमणे ऐकू आले, त्यांचं मूळ कुठे आहे ते मात्र कळलं नाही. तू रडत मला विचारलंस, "माह्याबद्दल असं काऊन बोलून राह्यल्या ह्या?" आणि मी तुझ्याच घरचा चहा पीत म्हणाले, सोड गं, लोकांना कामं नसतात.

तू गेल्यावर मी कौशल्याबाईंकडे जाऊन खरं ते सांगितलं. साडी माझी आहे म्हणाले. त्या हसत सुटल्या. "मैत्रिणीसाठी किती खोटं बोलता मॅडम! तुमी अन् थे साडी? बसा, पोहे खाऊन जा." सुनेनेही मान डोलावली. त्यांना वाटलं, मी तुला झाकते आहे. माझ्या साधेपणावर लोकांचा इतका विश्वास आहे, रोशनी, की माझं खरंही तुझ्याच अंगावर पडलं.

म्हणून रविवारी त्यांच्या लेकीच्या, अंकिताच्या रिसेप्शनला मी तीच साडी नेसून जाणार आहे. सगळं गाव असेल, शाळेतल्या मुली असतील. ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणखी एक सांगितलं नाही तर हेही अर्धंच खरं होईल. आज दुपारी दार लावून ती पुन्हा नेसून पाहिली. तुझ्यासाठीच नेसते आहे, असं मनाशी घोकत होते. पण आरशापुढून मी लवकर हलले नाही. पदर सारखा केला, वळून पाठीमागून कशी दिसते तेही पाहिलं.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच,
ज्योत्स्ना