माझा सत्कार आणि प्रीतमची फाइल

कासारवाडी,
१० मार्च

तीर्थरूप इंदुआत्यास,

तेजस्विनीचा वाकून नमस्कार. (वाकता येतंय. गेल्या महिन्यात कंबर धरली होती तेव्हा उभ्यानेच केला असता.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तुम्ही पापड वाळत घालायला मागच्या लोखंडी शिडीने गच्चीवर जाता, असं कळलं. शिडी म्हणजे जिना नव्हे, हा मुद्दा मान्य. तरी जपा. फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुमचा फोन सूनबाई स्पीकरवर लावून देतात आणि मग आपलं बोलणं सगळं राजगुरुनगर ऐकतं. आमच्या लाइनवरची स्नेहल तिकडूनच कंपनीच्या बसने येते, तिच्या हाती हे पाठवते.

तर रविवारी, महिलादिनाला, मोशीच्या मंगल कार्यालयात माझा सत्कार झाला. तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं. पहिल्या तीन रांगा गणराजभाऊंच्या कार्यकर्त्यांनी भरल्या होत्या. (गणराजभाऊ म्हणजे माझ्या बंधुराजांचे, आपल्या प्रीतमचे दोस्त आणि 'भावी आमदार'. गेली बारा वर्षं ते भावीच आहेत.) महिलादिन असल्यामुळे महिलांना मागे, जेवणाच्या दाराजवळ बसवलं होतं.

सत्कार कशाचा, ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. चाकणच्या कंपनीत मी दिवसभर पार्ट तपासते. बरा असेल तो पुढे, खोट असेल तो लाल क्रेटमध्ये. 'लाल क्रेट' नावानेच माझं कवितांचं पुस्तक आलं आणि त्याला एक बक्षीस मिळालं. तोवर घरात समज होता की मी किराण्याची यादी करतेय. बक्षिसानंतर मी एकदम 'स्त्रीवादी कवयित्री' झाले. मॅनेजरसाहेबांनी अभिनंदन करून सुरक्षा सप्ताहासाठी चार ओळी मागितल्या, अट एवढीच की यमक हेल्मेटशी जुळलं पाहिजे. आमचे जयदीपराव तर हिंजवडीच्या ऑफिसात अभिमानाने सांगत फिरतात, "मी लिहू देतो तिला." एवढ्या मोठ्या मनाचा नवरा मिळायला पुण्याई लागते. मी श्वासही त्यांच्या परवानगीनेच घेत असणार, नोंद घ्यायची राहिली.

सत्काराचा घाट प्रीतमने घातला. कार्यालयाबाहेर हा एवढा फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले चौदा पुरुष आणि कोपऱ्यात मी, लग्नाच्या अल्बममधली, जयदीपच्या अर्ध्या खांद्यासकट. 'स्त्रीवादी'चं छापलं होतं 'स्त्रीवाडी', जणू कासारवाडीच्या पुढचं स्टेशन. खाली माझ्या कवितेची एक ओळ होती: 'बाईची सही सगळ्यात सुंदर येते'. प्रीतमला वाटलं, कविता हस्ताक्षरावर आहे. दुसरी ओळ जागेअभावी गाळली होती.

स्टेजवर जायच्या आधी त्याने मला वधूपक्षाच्या खोलीत नेलं. आई तिथेच बसली होती. प्रीतमच्या एका हातात पिशवीत साडी, दुसऱ्या हातात फाइल.

"ताई, जरा इथं सही कर. फॉर्मॅलिटी आहे."

तुमच्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, रिंगरोडजवळच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडते, असा तो मजकूर. म्हणजे हक्कसोडपत्र. मी वाचायला लागले तशी आई म्हणाली, "वाचतीस काय? कर की सही. दिवाळीला यायचंय ना माहेरी?" आत्या, माझी आई, तुमची छबूबाई, धमकीसुद्धा आमंत्रणासारखी देते.

प्रीतम वाईट नाही, हीच मोठी अडचण. दादा जाण्याआधी अंथरुणाला खिळले तेव्हा वर्षभर त्यानेच त्यांना उचलून बाथरूमला नेलं. मी रविवारी डबा घेऊन जायचे आणि सोमवारी त्यावर कविता लिहायचे. तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं आणि मी फाइल गादीवर ठेवून पळाले.

स्टेजवर निवेदकाने विचारलं, घर, नोकरी सांभाळून लिखाण कसं जमतं? (शेजारी गणराजभाऊ बसले होते. घर सांभाळून भावी राहणं कसं जमतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.) मी उत्तर न देता कविता वाचली, दुसऱ्या ओळीसकट:

'बाईची सही सगळ्यात सुंदर येते
जिथं तिचं नाव कमी व्हायचं असतं तिथं.'

पुढच्या तीन रांगांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण त्या मोबाइल बघत होत्या. मागून आपल्या आळीतल्या गिरजाबाई उठून म्हणाल्या, "परत वाच गं." मी परत वाचली. त्या म्हणाल्या, "मला तर सहीनंतर चहा बी न्हाई दिला." बायका हसल्या आणि मग एकेकीचं निघालं. एकीची सही बारशाच्या गडबडीत घेतलेली, एकीची बापाच्या दहाव्याला. निवेदकाने घाईने राष्ट्रगीत लावलं. मला शाल, नारळ आणि नॉनस्टिक तवा मिळाला. (स्त्रीमुक्ती आता चिकटणार नाही.)

खाली उतरल्यावर मी प्रीतमला सर्वांदेखत ठणकावून सांगितलं की सही करणार नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. असा आपल्या घरातला पहिला स्त्रीवादी सोहळा पार पडला. घरच्यांना नमस्कार.

तुमची,
तेजू

ता.क. शेवटचा परिच्छेद खोटा आहे. मी काहीच ठणकावलं नाही. प्रीतम गाडीपाशी आला, ओरडला नाही. साडी सीटवर ठेवली आणि म्हणाला, "ताई, तू माझ्यावर कविता केलीस?" त्याचे डोळे भरले होते. मी म्हणाले, "पुढच्या सोमवारी येते खेडच्या नोंदणी कचेरीत."

ता.क. २. कविता प्रीतमवर नाही, तुमच्यावर आहे. आजोबा गेल्यावर तुम्ही ओसरीवर सही केलीत तेव्हा मी आठ वर्षांची होते. तुम्ही नाव सावकाश, वळणदार काढलंत आणि सगळे म्हणाले, काय सुंदर अक्षर इंदूचं. मग तुम्ही गोठ्यामागे जाऊन तोंड धुतलंत, बराच वेळ. ते मी पाहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलं, बक्षीसही एकटीने घेतलं. रागवायचं तर खुशाल रागवा.

ता.क. ३. पण येत्या सोमवारी रागवा. सकाळी अकरा वाजता, कचेरीत, माझ्या उजव्या हाताला बसून. मला जमीन कसायची नाही की विकायची नाही, फक्त नाव राहू द्यायचंय, आणि हे एवढं वाक्य मला प्रीतमसमोर बोलता येत नाही. तो रडला की मी पेन मागेन. आत्या, तेव्हा मला पेन देऊ नका.