रोझ आणि रोशा

हिंगणी,
दिवाळीनंतरचा बुधवार, १९७९

तीर्थरूप वासुदेवदादांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या शकूचा नमस्कार. शोभावहिनींनाही तितकाच वाकून नमस्कार. मात्र पत्र आधी तुम्ही एकट्यानं वाचावं आणि मग त्यांना वाचून दाखवावं, शक्यतो त्या चुलीपासून लांब बसलेल्या असताना. ब्लडप्रेशरची गोळी घेतली असेल तर पुढे वाचा. घेतली नसेल तर उठून घेऊन या, पत्र कुठे पळून जात नाही.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला उतरलाय, पण खोकल्याचं कौतुक अजून उतरलेलं नाही, त्यामुळे रोज काढा करावा लागतो. वेचणी सुरू झालीय आणि बायका मिळत नाहीत म्हणून मी स्वतः दोन दिवस कापसात गेले, तेव्हापासून कंबर माझी नाही. तुमची अनूही खुशाल आहे. (म्हणजे जेवते, झोपते, परवा मांजराशी बराच वेळ इंग्रजीत बोलत होती. चेहऱ्याचं पुढे सांगते. गोळी घेतलीत ना?)

दादा, अनूला तुम्ही माझ्याकडे कशासाठी पाठवलंत ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तरी एकदा लिहूनच काढते, कारण लिहिल्यावर गोष्ट कशी दिसते ते कळतं. समुद्रपूरच्या मधुकररावांकडची मंडळी दसऱ्याला वर्ध्याला तुमच्या घरी अनूला बघून गेली. विमलाबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, चिवडा दोनदा मागून घेतला आणि उठताना सांगितलं, "पोट्टी गुनाची हाय, पन रंगानं जराशी दबली. थोडी उजयली तं पाहू." आणि तुम्ही, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, कॉलेजात पहिली येणारी पोर, सुटी लागताच आत्याकडे उजळायला पाठवलीत, जशी आपण पितळेची भांडी चिंच लावून ठेवतो तशी. ती मंडळी रविवारी सेलूला बारशाला येणार होती; तिथून हिंगणीला येऊन पुन्हा बघून जातील, असं ठरलं. मी हो म्हटलं. मलाही वाटलं, चांगलं घर आहे, पोर सुखात पडेल. हे मी लपवत नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगते. चुकीत तिघांचा वाटा आहे: वहिनींचा, प्रेमदास कंडक्टरचा आणि माझा. वहिनींनी कुठल्याशा मासिकात वाचलं की सायीत रोझ ऑइल, म्हणजे गुलाबाचं तेल, घालून चेहऱ्याला लावलं की कांती उजळते. त्यांनी वर्ध्याच्या स्टँडवर तो निरोप आपल्या हिंगणीच्या गाडीच्या प्रेमदासकडे दिला. प्रेमदासनं तो सेलूपर्यंत बरोबर नेला असावा. पुढे रस्ता खराब आहे. आमच्या दारात उतरून तो म्हणाला, "शकूबाई, वहिनीनं सांगतलं, पोरीच्या तोंडाले रोशाचं तेल लावजो मने. सायीत कालवून."

मी विचारलं, "रोशाचं? तोंडाले?"

"मीबी तसाच चमकलो. पन मोठ्या लोकाईचे उपाय मोठे राह्यते, बाई."

तुम्ही शहरात राहून विसरला असाल, म्हणून सांगते. रोशा म्हणजे आपल्याकडे बोरच्या जंगलाच्या उतारावर वाढतं ते गवत. लोक ते कापून भट्टीवर नेतात, तांब्याच्या हंड्यात पाणी घालून उकळतात, वाफ नळीतून थंड करतात आणि पाण्यावर जे तेल तरंगतं ते रोशाचं तेल. हिंगणीत हे तेल गुडघ्यांना लावतात. बैलाचा खांदा सुजला तर त्यालाही लावतात. चेहऱ्याला लावलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण वहिनींचा निरोप, त्यातून मासिकातला, तेव्हा मी कोण शंका घेणार? शेजारच्या मनकर्णाबाईंकडे त्यांच्या गुडघ्यांची बाटली होती, ती मागून आणली. "कोनाचा गुडघा धरला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाहुण्यांचा. (एका खोट्याला इथून सुरुवात झाली.)

तेव्हापासून रोज संध्याकाळी अनू ओसरीवर पाटावर बसायची, मी वाटीत साय घेऊन त्यात तेलाचे दोन थेंब घालायची आणि तिच्या चेहऱ्याला चोळायची. पहिल्याच संध्याकाळी हे शेतातून आले आणि तडक गोठ्यात गेले. दोन्ही बैलांचे खांदे हातानं दाबून पाहिले, खुरं पाहिली, मग दारात येऊन म्हणाले, "बैल तं चांगले हायेत. मंग लावून कोनाले राह्यली?" अनू इतकी हसली की साय माझ्या लुगड्यावर सांडली. तिनंच मग सांगितलं की गुलाबात जे वासाचं मोठं द्रव्य असतं तेच रोशातही असतं, जिरॅनिऑल म्हणून, आणि जुने अत्तरवाले गुलाबाच्या अत्तरात सर्रास रोशा मिसळायचे. मी म्हटलं, म्हणजे शहरात ज्याला गुलाब म्हणतात ते आमचं गुडघ्याचं तेलच की! ती म्हणाली, "द्रव्य एकच हाय, आत्या. नाक एक नाई." दादा, हे बोलणारी पोर तुम्ही मला घासायला दिली होतीत.

आणि चोळता चोळता एक फार विचित्र गोष्ट व्हायला लागली. तुम्ही पुरुष कोणाच्या चेहऱ्याला हात लावत नाही, तुम्हाला कळणार नाही. बोटांना बोलता येतं. कपाळावरून, गालांवरून माझी बोटं फिरायची, आणि मला ऐकू यायचं की ती तिला काय सांगताहेत: अजून पुरेशी नाहीस, अजून पुरेशी नाहीस. ती डोळे मिटून गप्प बसायची. लहानपणी न्हाऊ घालताना याच चेहऱ्यावर पाणी ओतलं की किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. आता गप्प. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली. तरी मी थांबले नाही, कारण रविवार जवळ येत होता आणि तुम्ही दुखावले जाल याची भीती त्याहून मोठी होती.

रविवार उजाडला. सकाळपासून माझ्या हातातून तीन वेळा काहीतरी पडलं. पोह्यांत मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. (घातलं होतं.) अनू म्हणाली, "आत्या, आज माह्या हातानं लावतो मी," आणि बाटली घेऊन खोलीत गेली, आतून कडी लावली. मी म्हटलं, बरं, पोरीनं मनावर घेतलं. तेवढ्यात जीपचा आवाज आला. मी दार वाजवलं. "येतो ना." जीप कुंपणाशी थांबली. मी पुन्हा वाजवलं. आतून काहीच नाही. मधुकरराव आत आले, मुलगा आला आणि विमलाबाई उंबऱ्यातच थांबल्या. नाक वर केलं.

"कोनाचे गुडघे दुखून राह्यले वो घरात?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आणि दादा, ज्या माणसानं आयुष्यात माझ्यासाठी एक पाय उचलला नाही, तो ताबडतोब लंगडत बाजेपर्यंत गेला! ते लंगडणं मी जन्मभर विसरणार नाही. (पाय मात्र दोन्ही आलटून पालटून लंगडत होते, पण कोणी बघितलं नाही.) विमलाबाई बसल्या, पण वासापासून मन हटेना. म्हणाल्या, "माह्या बापाच्या खाटेले हाच वास राहे." आणि पदरानं डोळे टिपले. त्या क्षणी मला त्या बाईबद्दल माया वाटली, हे मला आवडलं नाही, पण वाटली.

मग कडी निघाली आणि अनू पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

कसं लिहू? गाल टमाट्यासारखे. कपाळावर गांधी उठलेल्या. पापण्या अशा सुजलेल्या की डोळे कुठून बघताहेत ते शोधावं लागत होतं. वास तर असा की ट्रेमधल्या पोह्यांनाही संधिवात झाल्यासारखा वाटावा. चेहरा जन्मभर असाच राहिला तर, एवढंच डोक्यात. दादांना काय तोंड दाखवू, हे नंतर सुचलं; आधी तिचं तोंडच डोळ्यांपुढून हलेना.

"इले गोवर निंगाला का?" विमलाबाई ओरडल्या.

"ऊन लागलं," मी म्हटलं. (ओसरीवर. सावलीत.)

त्यांनी उठून अनूची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि बाजारात वांगं दाबून बघावं तसा अंगठा गालावरून फिरवला. "उजयाले सांगतलं होतं वो, भाजाले नाई." आणि तोच अंगठा त्यांनी मघाच्या आसवांनी ओल्या डोळ्याला लावला.

पुढचं सगळं एकदमच झालं. विमलाबाईंची किंकाळी, मधुकररावांच्या हातची बशी खाली, हे लंगडणं विसरून विहिरीकडे धावले, मुलगा "आई, चोय नको, चोय नको" म्हणत तिच्याभोवती गोल फिरत होता. शांत एकटी अनू. तिनं विमलाबाईंना न्हाणीत नेलं, डोकं वाकवून धरलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी डोळ्यावर सोडत राहिली. "उघडा डोया. मी धरलं हाय तुमाले. उघडा." आणि विमलाबाई, ज्या कोणाचं ऐकत नाहीत, तिचं ऐकत होत्या. नंतर दोघी ओसरीवर समोरासमोर बसल्या, दोघीही सारख्याच लालभडक. त्या वेळी रंगाचा प्रश्न कोणीही काढला नाही.

पण निघताना जीपमध्ये एक पाय ठेवून विमलाबाई म्हणाल्याच, "हात चांगला हाय पोरीचा. महिन्याभरानं येतो मंग पाहाले. तवरोक उतरन. उजयवाचं पन सोडू नका."

तिसऱ्यांदा, दादा. तिसऱ्यांदा बघायला.

तर कळवायचं असं की अनूचा चेहरा अजिबात बरा नाही. महिनाभरात उतरेल असं मुळीच वाटत नाही. कदाचित उन्हाळा लागेल. कदाचित पुढचा पावसाळा. तेव्हा समुद्रपूरला तसं स्पष्ट कळवून टाकावं, की त्यांनी आमच्या भरवशावर थांबू नये. वहिनींना सांगा, मासिक चांगलं असेल, पण त्यातला निरोप प्रेमदासकडे देऊ नये.

सर्वांना यथायोग्य. मी चिंतेत आहे, यापेक्षा जास्त काही लिहवत नाही.

तुमची धाकटी बहीण,
शकू

ता. क. लिहवतंय. मला खोटं जेमतेम सहीपर्यंतच जमतं. अनूचा चेहरा काल सकाळीच पूर्ण बरा झाला. सूज नाही, डाग नाही. होता तसाच आहे, रंगासकट. आत्ता ती समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतेय आणि फोडते त्यापेक्षा जास्त खातेय.

दुसरा ता. क. हे वाचताना रागावू नका, किंवा रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा. मी तिला विचारलं, की अगं, तू तर केमिस्ट्री शिकतेस, हे तेल नुसतं कातडीला लावू नये हे तुला ठाऊक नव्हतं? ती म्हणाली, ठाऊक होतं. वहिनींनी रोझ म्हटलेलं तिनं वर्ध्याला घरीच ऐकलं होतं, प्रेमदासचा रोशा झाला हेही तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सायीतल्या दोन थेंबांनी काही झालं नाही, तेव्हा तिनं गुपचूप कोपराच्या आतल्या बाजूला नुसतं तेल लावून पाहिलं. लोक कातडी लाल होऊ नये म्हणून अशी परीक्षा घेतात म्हणे. हिनं किती लाल होते आणि किती दिवसांत जाते ते पाहून ठेवलं, आणि मग रविवारी कडी लावून घेतली. पापण्या सुजतील हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं. खोलीत ती घाबरून रडत होती आणि मी बाहेरून दार वाजवत होते. मी विचारलं, एवढं करण्यापेक्षा बाबांना नाही म्हणून का नाही सांगितलंस? तेव्हा काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते: "मी नाई म्हटलं तं बाबा इचारतीन, काऊन? कातडीनं नाई म्हटलं तं कोनी इचारत नाई."

ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

तिसरा ता. क. खरं पत्र एवढंच आहे. तिला लग्न नको असं नाही. तिला पुन्हा बघायला येणारं लग्न नको. परीक्षा होऊ द्या, पुढे शिकायचं म्हणाली तर शिकू द्या आणि समुद्रपूरला नकार तुमच्या हातानं लिहा, तिच्या कातडीवर ढकलू नका. हे मान्य असेल तर मला काही कळवायची गरज नाही, मी सुटी संपली की तिला गाडीत बसवून देईन. मान्य नसेल तर मात्र स्वतः या. चहा करीन, गादी घालीन, एक शब्द बोलणार नाही. तिला समोर बसवा आणि सांगा की तुझा रंग चांगल्या घराला पुरत नाही. सांगताना तिच्याकडे बघून सांगा. तुम्हाला ते जमणार नाही, दादा. तो रंग तिनं तुमच्याकडूनच घेतलाय.