साडेतेरा हजार किलोमीटर आणि वडखळ नाका

२५ ऑगस्ट, सकाळी
भाषणाची सुरुवात सुचली. "पेण-रोह्याच्या खड्ड्यांत कंबर मोडलेल्या बंधू-भगिनींनो! सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई साडेतेरा हजार किलोमीटर. विमानाला सतरा तास. आणि पेण ते रोहा? देवालाही सांगता येत नाही." पुढचं आयत्या वेळी सुचेल. मला नेहमी सुचतं.
रस्ता रोको वडखळ नाक्यावर. तीन सप्टेंबर, गौरी येण्याचा दिवस. गर्दी शिगेला, परिणामही शिगेला.

२६ ऑगस्ट
पुतळीशी वाद. (बायकोला इतिहासाची जाण नाही.) म्हणे सरू त्याच दिवशी अमेरिकेहून येतेय, सहा वर्षांनी. ओढ्यावरून तेरड्याची गौर घरच्या लेकीने आणायची, दिवेलागणीच्या आत. इतकी वर्षं शेजारच्या हौसाच्या मुलीला विनवावं लागलं, यंदा नको. समजावलं.

२८ ऑगस्ट
हिशेब केला. तिकिटावर मुंबई, पहाटे अडीच. ही अर्थात अमेरिकेची वेळ. साडेबारा तास मिळवले. दुपारी तीन. आंदोलन दहा ते बारा. तोवर रस्ता जिंकलेला असेल, रोह्याला घरी पोचायला दोन तास पुरे. पोरगी बापाच्या विजयावरून येईल.
सरूचा फोन. म्हणे, बाबा, उतरण्याची वेळ उतरण्याच्या गावचीच असते. इंजिनियर झाली, पण प्रॅक्टिकल नाही.

३१ ऑगस्ट
गणपती बसले. संकल्प: आवाजासाठी गोड बंद. मोदक अकरा. तूप घशाला चांगलं.

१ सप्टेंबर
आमचा कार्यकर्ता गुणाजी विचारतो, बांधकाम खात्याचे साहेब आलेच नाहीत तर? म्हटलं, येईपर्यंत बसायचं. माझं नाव ऐकून धावत येतील.

३ सप्टेंबर, सकाळी ११
जमाव अफाट. साहेब लेखी आश्वासन देईपर्यंत अँब्युलन्सशिवाय चाक हलणार नाही, अशी सगळ्यांना शपथ घातली. टाळ्या. खिशात फोन सारखा थरथरतोय. अभिनंदन असणार.

दुपारी २
साहेब निघालेत. खांब गावाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेत. आमच्याच.

दुपारी ४
गुणाजी कानाशी आला. "दादा, सरूताई लायनीत हाय. पेणच्या अलीकडं. सामान मिळून निघायलाच उजाडलं, सकाळपास्नं अडकलीया."
फोन पाहिला. सगळे तिचेच. माझी बेरीज बरोबर होती. विमानच वेळेवर आलं.
तेवढ्यात पुतळीचा फोन. ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर होतं.
"हौसाची पोर दारात उभी हाय. तिला गौर आणाया वड्यावर पाठवू, का थांबू?"
थांब म्हटलं. पुढच्या रांगेतल्यांना हळूच विचारलं, जरा आटोपतं घेऊ या का? कुणी जागचं हललं नाही. त्यांच्यातला महिपती म्हणाला, "साहेबाबिगर उठायचं नाय दादा, तुम्हीच शपथ घातलीत." वर माझ्याच नावाचा जयजयकार.
भोंगा घेतला. पहिल्यांदाच काही सुचेना.
"बंधू-भगिनींनो, उठा. रस्ता मोकळा करा."